लाल बटणावरची चिकटपट्टी

"वारा लागतोय का बगा आधी."

कॉम्प्युटर बंद पडला असं फोनवर सांगितलं की मिस्त्रींचा पहिला प्रश्न हाच. माणूस दुकानात असो, बाजारात असो, नाहीतर कुणाच्या लग्नाच्या पंगतीत असो, प्रश्न बदलायचा नाही. मग स्वतः आले की थेट मशीनच्या पाठीमागं. पडद्याकडं ढुंकूनही बघायचे नाहीत. मागच्या जाळीसमोर तळहात धरायचे, डोळे मिटायचे आणि थांबायचे. तापलेल्या लेकराच्या कपाळाला आई हात लावते ना, तसं. आम्ही सगळे भोवती गप उभे. मग डोळे उघडून निकाल सांगायचे. "वारा चालू हाय. जीव हाय ह्याच्यात." किंवा, "न्हाई. पेटी गेली."

पेटी म्हणजे पॉवर सप्लाय. कॉम्प्युटरच्या मागच्या अंगाला पंखा असलेला जो पत्र्याचा डबा बसवलेला असतो ना, तो. तुम्ही कधी त्याच्याकडं लक्ष दिलं नसणार. मीही दिलं नव्हतं. मी आमच्या गावच्या दूध संस्थेत हंगामी कारकून. मला कॉम्प्युटर म्हणजे पडदा आणि बटणं, एवढंच माहीत. पण मिस्त्री म्हणायचे, "पडदा म्हंजे तोंड. तोंड काय, सगळेच धुतात. पोटाकडं कोण बगतं?"

ते मूळचे मोटार रिवाइंडिंगवाले. सिरसाळ्याच्या बाजारात आडतींच्या रांगेत शेवटचं दुकान त्यांचं. विहिरीवरची मोटार जळाली की लोक बैलगाडीत घालून आणायचे, आणि मिस्त्री तांब्याची नवी तार भरून परत करायचे. मग दुष्काळ पडला. विहिरींनी तळ दाखवला. आता तुम्हीच सांगा, विहिरीत पाणीच नाही तर मोटार चालणार कुणाची आणि जळणार कुणाची?

"मोटार जळायला बी पाणी लागतं, कारकून," असं ते मला म्हणाले होते, आणि स्वतःच हसले होते.

नेमकं त्याच सुमाराला तालुक्यातल्या संस्थांमध्ये एकेक कॉम्प्युटर येऊन बसला होता. दूध संस्था, सूतगिरणी, खरेदी-विक्री संघ, सगळीकडं. काचेची खोली, प्लास्टिकचं झाकण, बाहेर चपला काढायची पाटी. देवाची नसेल एवढी बडदास्त. पण आमच्याकडची लाईट त्याला माहीत नव्हती! दर दोन महिन्यांनी कुठलातरी डबा उडायचाच. मिस्त्रींनी भंगारातून जळक्या पेट्या गोळा केल्या आणि दुकानात बसून उघडल्या. सहा आणखी जाळल्या. सातवी चालली. झालं, साठीकडं झुकलेला माणूस कॉम्प्युटरवाला झाला.

मला त्यांनी पेटी समजावून सांगितली ती टँकरवरून. त्या वर्षी गावात दुसरं काही दिसतच नव्हतं म्हणा.

"टँकरच्या पाईपाला तोंड लावून पाणी पितो का आपण? नरडं फुटंल. ते आधी हौदात पडतं, हौदातून हंड्यात, हंड्यातून तांब्यात. मंग आपण पितो. भिंतीतली लाईट म्हंजे टँकर. दोनशे तीस. ही पेटी म्हंजे आपला हौद. ह्या पिवळ्या तारंतून बारा देती, तांबडीतून पाच, नारंगीतून तिनाच्या वर थोडं. ज्याची जेवढी तहान, तेवढंच. जास्त पाजलं की मेलं."

"आणि काळी तार?"

"ती परतीची वाट. आलेलं सगळं माघारी जायाला पायजे का न्हाई? अन् ही एकटीच हिरवी दिसती ना, ती म्हंजे हाळी. तुमी म्होरलं बटण दाबता, तवा हिरवी काळीला भिडती अन् पेटी जागी व्हती. बटण-बिटण काय नको, आपण बी हाळी देऊ शकतो. हे बगा."

असं म्हणून त्यांनी शर्टाच्या खिशातून केसांचा आकडा काढला. बायका अंबाड्याला लावतात तो, काळा, दोन पायांचा. सुट्ट्या पेटीच्या हिरव्या तारेत एक पाय, काळ्या तारेत दुसरा. भर्रकन पंखा फिरला. माझ्या अंगावर काटाच आला. आकडा अर्थात वहिनींचा, म्हणजे मिस्त्रींच्या बायकोचा. दर महिन्याला एक गायब व्हायचा आणि घरी भांडण व्हायचं.

त्यांचा एक नियम मात्र कडक होता. काढलेली पेटी कुणाला उघडू द्यायचे नाहीत. "तार काढली तरी हिच्या पोटात लाईट दबा धरून बसती. मेल्याली दिसती, पर चावती." त्यांच्या उजव्या अंगठ्यावर पांढरा डाग होता, तो तिथूनच आलेला.

मजा सांगतो. एका खंडेनवमीला आमच्या चेअरमनसाहेबांनी कॉम्प्युटरची पूजा केली. हळद, कुंकू, झेंडूचा हार, सगळं यथासांग. आणि भक्तीच्या भरात नारळ फोडला तो मशीनच्या माथ्यावर! पाणी गेलं आत. मिस्त्री आले, हात लावला, नाकाला लावून हुंगला. "साहेब, देव पावला, पर जरा जास्तीच." मग दोन दिवस सगळं मशीन उघडं करून गच्चीवर वाळत घातलं, शेजारी आमच्या शिपायाच्या घरच्या सांडग्यांचं वाळवण होतं. चाललं की ते! पहिला आठवडा खोलीत खोबऱ्याचा वास येत होता एवढंच.

पण माणूस कळला तो चकलांब्याला. तिथल्या एका संस्थेतून फोन आला, मशीन पार मेलंय. माझी थोरली बहीण चकलांब्यात दिलेली, म्हणून मीही निघालो. पेटी मांडीवर घेऊन एसटीचा अर्ध्या दिवसाचा प्रवास. पोचलो. तिथल्या कारकून बाई रडकुंडीला आलेल्या, संचालक मंडळी खुर्च्या टाकून बसलेली. मिस्त्रींनी मागं हात धरला, मग भिंतीकडं बघितलं. मीही बघितलं. भिंतीवरचं बटण बंद होतं!

मी तोंड उघडणार तेवढ्यात माझ्या पायावर त्यांचा पाय पडला. चांगला जोरात. मग त्यांनी सावकाश चार स्क्रू काढले, पत्रा बाजूला केला, ब्रशनं धूळ झाडली, फुंकर मारली, पुन्हा पत्रा लावला. उठता उठता कोपरानं भिंतीवरचं बटण दाबलं. मशीन चालू. "धूळ बसली व्हती बाई. तुमची काय बी चूक न्हाई." च्या पिऊन, बहिणीला उभ्या उभ्या भेटून आम्ही परत एसटीत.

"मिस्त्री, नुसतं बटण बंद होतं की!"

"मंग? चार गड्यांत सांगायचं व्हय? आपल्याला एक येळ गाडीभाडं पडलं. त्या बाईला ते जलमभर पुरलं असतं."

तेव्हा मी हसलो होतो. असल्या पायावरच्या पायाची गरज पुढं मलाच पडणार आहे, हे काय माहीत.

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी आमच्या संस्थेनं माळावर चारा छावणी काढली. पंचक्रोशीतली हजारावर जनावरं. म्हशी, बैल, धनगरवाड्यावरच्या गाई. माणसंही तिथंच, पाल ठोकून. कॉम्प्युटर काचेच्या खोलीतून उचलून पत्र्याच्या शेडमध्ये आणला आणि मला त्याच्यापुढं बसवलं. प्रत्येक जनावराच्या कानात बिल्ला, बिल्ल्यावर नंबर. दर शनिवारी दुपारी बाराच्या आत सगळ्या जनावरांची यादी छापून तहसिलात द्यायची. यादी गेली तर पुढच्या आठवड्याचा चारा मंजूर. नाही गेली तर नाही. सुरुवातीला ही यादी वहीतही लिहायची होती. पण मी हुशार ना! कॉम्प्युटर असताना वही कशाला, म्हणून वही बंद केली.

माळावर लाईट यायची ती अगदी रडत. लाईनीच्या शेवटाला आम्ही. बल्बची तार नुसती लाल दिसायची, उजेड नाहीच. एका बुधवारी तर कॉम्प्युटर सुरूच होईना. मी मागं वाकून बघितलं. पेटीवर एक छोटं लाल बटण. त्यावर २३०. नखानं सरकवलं तर दुसऱ्या बाजूला ११५. मी म्हटलं, वा! लाईट कमी येते, तर बटण कमीवर टाकावं. सरळ हिशेब आहे. टाकलं. आणि काय सांगू, मशीन सुरू झालं! दोन दिवस झकास चाललं. मी माझ्यावरच खूश. बायकोला घरी सांगितलंसुद्धा, तिथं कुणाला सुचलं नाही ते मला सुचलं.

शुक्रवारी सकाळी डीपीवर नवा ट्रान्सफॉर्मर बसला. महिनाभर अर्ज करत होतो त्याच्यासाठी. लाईट आली, पूर्ण आली, बल्ब लखलखला. छावणीतल्या लोकांनी शिट्ट्या मारल्या. मी कॉम्प्युटरचं बटण दाबलं.

फाट!

ठिणगी, धूर, आणि करपलेला वास. मागच्या पालातल्या म्हशीनं दावं तोडलं. मला आधी काही कळलंच नाही, मग सगळंच एकदम कळलं.

चेअरमनसाहेब धावत आले. त्यांच्यामागं पन्नास-साठ माणसं, पटकेवाली, काठ्यावाली. उद्या यादी. यादी त्या मशीनच्या पोटात. वही मी बंद केलेली. साहेब माझ्याकडं बघून एवढंच म्हणाले, "कुणी हात लावला आसंल, तर त्यो आजच्या आज घरी जाईल." आणि माझ्या घरी पाच महिन्यांचं लेकरू, वडिलांची जमीन कोरडी ठाक. ही नोकरी गेली की मी कोयता घेऊन ऊसतोडीला जाणार, हे स्पष्ट होतं. नुसता हंगामी होतो, कायम व्हायला चार महिने उरले होते.

मिस्त्री तासाभरात आले. मागं बसले, हात धरला. वारा नाही. मग खाली वाकले आणि थांबले. मला माहीत होतं ते काय बघतायत. लाल बटण. एकशेपंधरा.

त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. बाकी कुणाला कळलं नाही असं. मग अंगठ्याच्या नखानं ते बटण हळूच सरकवलं. टक्.

"काय झालं मिस्त्री?" साहेब.

"पेटी गेली साहेब. मागल्या खेपंला मीच बसिवली व्हती. हलकी बसिवली. चूक माझी हाय."

साहेब जे सुटले ते सुटलेच. "मिस्त्री, मुक्या जनावरांच्या तोंडचा घास हाय ह्यो! तुमाला म्हून ठिवलं इस्वासानं, अन् तुमी हलकं बसिवता?" बाहेरचे लोकही बोलले. एका म्हाताऱ्या धनगरानं तर थुंकून दाखवलं. मिस्त्री खाली मान घालून स्क्रू काढत होते.

मी बोललो नाही. दोन हात अंतरावर उभा होतो, तोंड होतं, जीभ होती. बोललो नाही. आज इतक्या वर्षांनी लिहितानाही लाज वाटते.

दुसरी पेटी त्यांच्याकडं नव्हती. ते सिरसाळ्याला परत गेले, दुकानातल्या स्वतःच्या कॉम्प्युटरची पेटी काढून दुपारी घेऊन आले. आधी खिशातला आकडा लावून पंखा फिरवून बघितला. मग जळकी पेटी काढली. भिंतीतली तार आधी, मग आतले चिमटे एकेक करून, जोर न लावता, खटक्याची जीभ दाबून. नवी बसवली, चार स्क्रू आवळले. "आता पेटीबरूबर आत आणखी कोण कोण मेलंय, ते कळंल." बटण दाबलं. त्यांनी मागं हात धरला, आणि या खेपेला मीही त्यांच्या हाताशेजारी माझा हात धरला. वारा आला. पीप करून आवाज झाला. पडदा उजळला. यादी होती! सगळ्या बिल्ल्यांसकट, सगळी होती.

प्रिंटरनं संध्याकाळपर्यंत करकरत यादी छापली. शनिवारी सकाळी अकराला ती तहसिलात पोचली. जनावरांचा चारा चुकला नाही.

मिस्त्रींचं काम मात्र चुकलं. साहेबांनी त्यांना पुन्हा बोलवायचं नाही असं सांगून टाकलं. शहरातली एक कंपनी धरली. बातमी इतर संस्थांत गेली. मिस्त्रींचा हात आता चालत नाही, असं लोक बोलू लागले.

आठवड्यानं मी सिरसाळ्याला गेलो. दुकानात ते एकटेच.

"कावून घेतलंत अंगावर, मिस्त्री?"

"तुला काढलं आसतं, तर तू कुठं गेला आसता बे? माझं काय, मला मोटारी हायेत."

मी दुकानात बघितलं. दोन मोटारी होत्या. मालक ऊसतोडीला गेलेले, न्यायला आलेच नव्हते. एकीवर कोळ्यानं जाळं केलं होतं.

"आन् चूक तरी काय तुझी? लाईट कमी, म्हून कमीवर टाकलंस. डोकं लावलं म्हून जळालं. जे डोकंच लावत न्हाईत, त्यांचं काय बी जळत न्हाई." मग ते खाकरून म्हणाले, "ते बटण परदेशातल्या लाईटीचं आसतंय. येईल ती लाईट आत गेल्यावर दुप्पट करायची, असं सांगणारं. बारीक लाईट व्हती तवर चाललं. भरून आली, ती बी दुप्पट झाली. जा आता. लेकराला बग."

मी गेलो. चार महिन्यांनी कायम झालो. साहेबांना सांगेन, सांगेन म्हणत राहिलो.

शहरातली कंपनी बोलावल्यावर तिसऱ्या दिवशी यायची. दीड-दोन वर्षांत साहेब कंटाळले आणि मिस्त्रींनाच निरोप धाडला. मिस्त्री आले, जणू काल गेलते आणि आज आले. हात धरला, वारा बघितला. जाताना पिशवीतून दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी काढली आणि लाल बटणावर बोटभर तुकडा चिकटवून दिला. त्यानंतर तालुक्यात ज्या ज्या मशीनला त्यांचा हात लागला, तिथं ती पट्टी लागली. कुणी विचारलं तर सांगायचे, "धूळ जाती फटीतून." मी कामानिमित्त कुठल्याही संस्थेत गेलो की आधी मशीनच्या मागं वाकून बघायचो. पट्टी असायचीच.

साहेबांची मात्र एक गंमत ठरून गेली. मिस्त्री आले की म्हणायचे, "ह्या बारीला जाळू नका बरं का." सगळे हसायचे. मिस्त्रीही हसायचे. आणि मी उगाच मोठ्यानं शिपायाला हाक मारून च्या सांगायचो. अकरा वर्षं मी असा च्या सांगितला.

गेल्या थंडीत मिस्त्री गेले. सकाळी दुकान उघडलं, खुर्चीत बसले, ते तसेच.

आमच्या संस्थेची वार्षिक सभा झाली. तुम्ही कुठल्याही सहकारी संस्थेच्या सभेला गेला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, पहिला ठराव श्रद्धांजलीचा असतो. मी आता संस्थेचा सचिव. प्रोसिडिंग मीच लिहितो. वही उघडून बसलो होतो. साहेब थकलेत आता, पण बोलायला उभे राहिले.

"मिस्त्री लई गुणी माणूस. आपल्या संस्थेची लई सेवा केली त्येनी. छावणीच्या टायमाला एकदाच काय ती चूक झाली त्यांच्या हातून, पर..."

माझं पेन थांबलं. एकदाच काय ती. माणूस गेला तरी ती एक चूक त्याच्या नावाला चिकटून वहीत चालली होती, आणि लिहिणार होतो मी!

मी उभा राहिलो. "साहेब, ती चूक त्यांची नव्हती. माझी होती."

"सचिव, सभा चालू हाय."

"म्हणूनच सांगतोय. प्रोसिडिंगला लिहायचंय." आणि मग सगळं सांगितलं. लाल बटण, एकशेपंधरा, बंद केलेली वही, नखाचा टक् आवाज, सगळं. सभागृहात छावणीतली कितीतरी माणसं बसलेली. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

शेवटी मागच्या रांगेतून त्या म्हाताऱ्या धनगराचा आवाज आला. छावणीत थुंकला होता, तोच. "मंग बसलास काय बगत? लिव की!"

"लिवा," साहेब म्हणाले.

मी लिहिलं. ठरावाची नक्कल घरच्यांना पाठवायची पद्धत आहे. ती टपालानं न टाकता मी स्वतः सिरसाळ्याला घेऊन गेलो. वहिनी ओट्यावर बसल्या होत्या. म्हणाल्या, चष्मा सापडंना, तुमीच वाचा. मी उभ्यानंच वाचला. लाल बटणापर्यंत आलो आणि वहिनींनी मान वर केली.

"म्हंजे एकशेपंधरा तुमीच व्हय?"

मी मान हलवली.

"नाव कवाच न्हाई सांगितलं त्येनी. मी लई येळा इचारलं. नुसतं म्हणायचे, आज एकशेपंधराकडं जाऊन आलो, बरा हाय. एकशेपंधराला दुसरं लेकरू झालं." त्यांनी पदर डोळ्याला लावला, पण हसत होत्या. "मला लई राग यायचा बगा. तुमचं नाव खराब झालं अन् त्यो बाबा गप बसलाय, म्हणायची मी. आता काय सांगत न्हाई त्यो."

"मग? काय म्हणायचे?"

"म्हणायचे, सांगंल. उशिरा सांगंल, पर सांगंल. मी हात लावून बगितलाय, वारा चालू हाय त्याच्यात."